स्वतःचा आवाज वजा करताना

मी ज्या विषयावर पीएच.डी. करते आहे तो माझ्या बाबांना कधीच पटला नाही. ते रेल्वेत स्टेशन मास्तर होते. वॉकी-टॉकीचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, यात त्यांची सगळी नोकरी सरली. मी त्यांना सांगितलं की आम्ही असा रेडिओ करतो आहोत जो एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलेलही आणि ऐकेलही. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "बोलाच्या वेळी बोलाव, आयकाच्या वेळी आयकाव. दोन्ही एकदम काहून पाहिजे तुले?"

आई तेव्हा होती. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिले लहानपणापासून तसंच लागते. दुसऱ्याचं बोलून होऊ देते का ते पोट्टी कधी?"

यावर तिघेही हसलो होतो. मी जास्त बोलते हे आमच्या घरात सर्वमान्य होतं आणि त्याचं मला कौतुकच वाटायचं.

विषय तसा अवघड नाही, निदान सांगायला तरी. घरात मिक्सर चालू आहे आणि त्याच वेळी बाहेर फाटकाची कडी कोणीतरी हळूच वाजवतं आहे. कडी ऐकू यायला हवी, पण मिक्सर बंद करायचा नाही. रेडिओचं तसंच होतं. आपला ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरच्या शेजारी असतो, आणि ज्याचं ऐकायचं तो लांब, त्याचा सिग्नल येईपर्यंत अगदी क्षीण झालेला. आपल्याच आवाजाखाली तो बुडून जातो. आपल्या हातात एकच गोष्ट असते: आपण काय पाठवलं हे आपल्याला माहीत असतं. मग जे आत आलं त्यातून ते वजा करायचं. पण आपण पाठवलेलं जसंच्या तसं परत येत नाही. भिंतीवर, लोखंडी कपाटावर, पंख्याच्या पात्यावर आपटून, थोडं वाकडं होऊन येतं. म्हणून आपला आवाज कसा वाकडा होतो हे आधी शिकावं लागतं. ते शिकून वजाबाकी करणारा जो भाग, त्याला आम्ही कॅन्सलर म्हणतो. त्यानंतर जे उरेल ते पलीकडच्याचं, असं धरायचं.

आता घरच्या एका सवयीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रेल्वेत कंट्रोलच्या फोनवर कोणी निरोप दिला की ऐकणाऱ्याने तो शब्दशः परत म्हणायचा असतो. परत म्हटला म्हणजे पोचला. बाबांनी हा नियम घरीही आणला. "येताना अर्धा लिटर दूध." "अर्धा लिटर दूध." "उद्या शाळेला सुट्टी." "उद्या सुट्टी." आमच्याकडे नुसतं 'हो' म्हटलेलं चालत नसे. पाहुणे हसायचे. आई नागपूरकडची, तिला सुरुवातीला हे फार विचित्र वाटलं म्हणे, पण तीही शिकली. आपले शब्द समोरच्याच्या तोंडून परत आले की आम्ही निश्चिंत व्हायचो.

आई गेली त्याला आता दीड वर्ष होत आलं. ती गेल्यावर मला काही वाटलं नाही, असं लिहिणं वाईट दिसतं, पण खरं तेच आहे. मी तेरा दिवस भांडी मोजली, लोकांना चहा दिला, आणि चौदाव्या दिवशी वर्गात जाऊन शिकवलं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, त्यानंतर आपलाच गाल आपल्याला परका वाटतो. तसं होतं. ते उतरेल म्हणून मी वाट पाहिली, उतरलं नाही, मग वाट पाहायचं सोडून दिलं.

बाबा बूढ़ापाऱ्यातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, घरीच राहिले. मी कॉलेजजवळ, शहराबाहेर, एका फ्लॅटमध्ये एकटी राहते. घर सोडायला बाबा तयार नव्हते आणि मला रोजचं येणं-जाणं लांब पडायचं, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. त्या घरात संध्याकाळी फार शांतता असायची आणि ती मला सोसत नव्हती. रविवारी मी जायचे आणि सकाळपासून दुपारपर्यंत बोलत राहायचे, कॉलेजचं, लॅबचं, बातम्यांमधलं, काहीही. बाबा ऐकायचे. स्वयंपाकाला एक बाई येत होती, दोन्ही वेळचं करून ठेवायची.

रोज संध्याकाळी सातला मी फोन करायचे.

"जेवण करून ठेवलं का बाईनं?"

"ठेवलं."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं वाटून राहिलं ना?"

"वाटून राहिलं."

एवढं झालं की ते स्वतःचं काहीतरी जोडायचे. तलावाच्या काठावर पोट्टे पतंग उडवून राहिले, शेजाऱ्याने स्कूटर पुन्हा आपल्या फाटकासमोर लावली, पंखा आवाज करून राहिला. मी ते अर्धंमुर्धं ऐकून माझं सुरू करायचे. हे त्यांचं शेपूट कोणत्या दिवशी गळून पडलं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसांत लॅबमध्ये आमचं फार चांगलं चाललं होतं. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातली. तिचे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या काळात इकडे, हिंदी मुलखात आले. मी तिच्याशी मराठीत बोलते, तिला सगळं समजतं, आणि ती उत्तर हिंदीत देते. आमचा एक सेट लॅबमध्ये आणि दुसरा, म्हणजे पलीकडचा, समोरच्या इमारतीच्या व्हरांड्यात ठेवला होता. दोन्हींची घड्याळं जुळावीत म्हणून मधून एक लांब केबल टाकली होती. पहिल्याच आठवड्यात कॅन्सलरने आमचा सिग्नल असा साफ केला की स्क्रीनवर नुसती खालची खरखर उरली. सर, म्हणजे माझे गाइड, येऊन पाहून गेले. "बहुत बढ़िया," म्हणाले. सर वर्षातून दोनदा 'बढ़िया' म्हणतात, 'बहुत' लावून मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग पलीकडचं ऐकायला गेलो तर काही येईना.

पहिल्या दिवशी मी केबल बदलली. दुसऱ्या दिवशी अँटेना. तिसऱ्या दिवशी त्या मुलीला रागावले, की व्हरांड्यातला सेट नीट चालू करत नाहीस. ती पायऱ्या उतरून, मैदान ओलांडून गेली आणि तिथून फोन केला, "दीदी, इधर लाइट जल रही है. भेज तो रहा है."

"भेजून राहिला तर मला काहून नाही मिळून राहिलं?" मी ओरडले. माझा राग असाच आहे, जवळच्या माणसावर निघतो.

असं तीन आठवडे चाललं. सेट उघडून पाहिला, जागा बदलली, पाऊस होता म्हणून प्लास्टिक गुंडाळलं. पलीकडच्यात काहीतरी बिघाड आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, कारण आमची बाजू तर सरांनी येऊन पाहिलेली, स्वच्छ होती. तीन रविवार मी बूढ़ापाऱ्याला गेले नाही. फोन मात्र रोज केला, सातला. ठेवलं, घेतली, वाटून राहिलं. मग मी बाबांना पलीकडच्या सेटच्या तक्रारी सांगायचे आणि फोन ठेवायचे. मन मोकळं झाल्यासारखं वाटायचं.

शेवटी सर चिडले. म्हणाले, पहिले अपना सब बंद करो. ट्रान्समीटर बंद, कॅन्सलर बंद. सिर्फ़ सुनो.

आम्ही बंद केलं. स्क्रीनवर पलीकडचा सिग्नल उभा राहिला, स्पष्ट, अगदी हवा तेवढा. तो तीन आठवडे येतच होता. मग सरांनी आमचा ट्रान्समीटर बंदच ठेवून फक्त कॅन्सलर चालू केला. सिग्नल नाहीसा झाला. हवेत आमचं काहीच नव्हतं, तरी कॅन्सलर काहीतरी वजा करत होता. सर माझ्याकडे वळले आणि विचारलं, दोनों तरफ़ कौन सी फ़ाइल डाली है?

चूक माझी होती. प्रत्येक बाजूने पाठवायचा आकड्यांचा क्रम वेगळा असावा लागतो. पहिल्या दिवशी घाईत मी माझीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पलीकडच्या सेटमध्ये टाकली होती, नंतर बदलू म्हणून. पलीकडचाही माझेच आकडे म्हणत होता. त्यात भर म्हणजे कॅन्सलरला शिकवताना पलीकडच्याला गप्प ठेवायचं असतं, तेही मी केलं नव्हतं. मग कॅन्सलरने त्याला माझाच प्रतिध्वनी समजून पुसून टाकलं. 'बहुत बढ़िया' स्वच्छता होती ती अशी.

मी त्या मुलीला म्हटलं, "सॉरी ग. उगाच बोलले तुला."

"कोई बात नहीं दीदी," ती म्हणाली. "फ़ाइल मैंने भी कहाँ चेक की थी."

त्या संध्याकाळी सातला फोन लावला तेव्हा माझ्यात बोलायची ताकद नव्हती. कोणतीही समज आली नव्हती, नुसती थकले होते. रोजचे तीन प्रश्न विचारले, तीन उत्तरं आली, आणि मग सांगायला मला काही सुचेना. मी गप्प बसले. तिकडूनही काही येईना. फोन कट झाला असेल म्हणून पाहिलं, चालू होता. श्वास ऐकू येत होता. एखादा माणूस जड दार ढकलताना घेतो तसा.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "भाजी कोणती होती आज?"

"भाजी कोणती होती," बाबा म्हणाले.

"हो, कोणती?"

"कोणती," बाबा म्हणाले.

ज्याचं उत्तर माझ्या प्रश्नात नाही असा प्रश्न मी कितीतरी दिवसांत पहिल्यांदा विचारला होता.

बूढ़ापाऱ्यापर्यंत स्कूटरने मला पाऊण तास लागतो. त्या दिवशी किती लागला, सांगता येणार नाही. बाबा खुर्चीवर बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं एक घर चुकून लावलेली. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, शब्द आला नाही. स्वयंपाकघरात गॅस पुसलेला आणि कोरडा. ओट्यावर बिस्किटांच्या पुड्यांचे कागद होते, नीट घडी करून एकावर एक ठेवलेले, मुरमुऱ्यांची रिकामी पिशवी, आणि काळी पडलेली दोन केळी.

बाईला फोन केला. ती तीजाच्या सणाला माहेरी गेली होती, नऊ दिवस झाले होते. इथे भादव्यात बायका तीजाला माहेरी जातातच. गेल्या वर्षी ती सांगून गेली होती, बाबांनी मला कळवलं होतं, मी डबा लावून दिला होता. "मैं तो बाबूजी ल बता के आए हंव दीदी," ती घाबरून म्हणाली. "मैं कहेंव, दीदी ल बता देहू. वो बोलिन, बता देहू."

तिचंही बाबांनी परत म्हटलं होतं. आणि त्या आधीचा आठवडाभर त्यांच्या हातून पेला सांडत होता, हे तिने पाहिलं होतं. तिला वाटलं, वय झालं. ते बोलत नव्हते, तर तिला वाटलं, आई गेल्यापासून असेच आहेत.

दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरून दाखवला. डाव्या बाजूला पुढे एक छोटा डाग होता. रक्ताची गुठळी. आजची नव्हे, तीनेक आठवड्यांची. यांना सगळं समजतं, डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याने म्हटलेलं परतही म्हणता येतं, पण स्वतःचं वाक्य सुरू करता येत नाही. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर एक औषध देता आलं असतं. आता बघायचं, किती परत येतं ते. मी मान हलवली, कागदावर सह्या केल्या, औषधं आणली. बाकावर बसून बिस्किटांचे ते घडी घातलेले कागद आठवले. तेव्हाही मला काही वाटलं नाही. मला स्वतःची भीती वाटली, तेवढी मात्र वाटली.

त्यांना स्वतःचं बोलणं परत मिळेल की नाही, एवढाच आता प्रश्न होता. मी बूढ़ापाऱ्यात राहायला आले. बोलायला शिकवणारी एक तरुण बाई आठवड्यातून तीनदा यायची. पहिल्याच दिवशी तिने बाबांना सोडून मलाच समजावलं. आप इनकी तरफ़ से मत बोलिए. ऐसा सवाल पूछिए जिसमें जवाब न हो. फिर रुकिए. पूरा रुकिए.

मला रुकता येत नाही. हे माझं जन्माचं दुखणं. मी विचारायचे, "काय पाहिजे बाबा?" ते ओठ जुळवायचे, कपाळावर शिर उभी राहायची, आणि दहा आकडे मोजायच्या आत माझ्या तोंडून "पाणी?" निघून जायचं. "पाणी," बाबा म्हणायचे, आणि नको असलेलं पाणी पिऊन घ्यायचे. शेवटी मी पदराचं टोक दातात धरून बसायला लागले. हसण्यासारखं होतं, पण इलाज नव्हता. बाहेर गल्लीत स्कूटरी जायच्या, मंदिरातली घंटा व्हायची, आणि मी एका शब्दासाठी अर्धा अर्धा तास बसायचे. ज्या शांततेला घाबरून मी या घरातून पळाले होते ती आता मला रोज तासभर, औषधासारखी घ्यावी लागत होती.

पंधरा दिवसांनी पहिला शब्द आला. स्वयंपाकाच्या बाईने पानात दुधीची भाजी वाढली आणि बाबा म्हणाले, "नाही." कोणी विचारलं नव्हतं, कोणी आधी म्हटलं नव्हतं. बाई म्हणाली, "हव, झन खावव," म्हणजे बरं, नका खाऊ, आणि भाजी उचलली. त्यांना दुधी आयुष्यभर आवडला नाही, आईच्या धाकाने खायचे. मग 'पंखा' आला. मग 'बस'. मग काही दिवस काहीच नाही.

लॅबमध्येही काम सुरू होतं. दोन्ही फाइली वेगळ्या केल्या. आता आम्ही आधी पलीकडच्याला गप्प ठेवतो, कॅन्सलरला फक्त आमचंच शिकवतो, आणि मग ती मुलगी मैदानापलीकडून फोन करते, "दीदी, अब बोल रहा है." वजाबाकी पूर्वीइतकी स्वच्छ होत नाही. आमचं थोडं उरतंच. सर म्हणाले, ठीक है, इतना रहता है.

एका रविवारी सकाळी मी बाबांची नखं कापत होते. उजवा हात माझ्या हातात होता. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांनी तोंड उघडलं. मी नेलकटर तसाच हातात धरून थांबले. या खेपेस पदर तोंडात धरायला हात मोकळा नव्हता, नुसतीच थांबले.

"तुले," बाबा म्हणाले.

मी थांबले.

"तुले... फोन." घाम आला होता त्यांना. "फोन केला."

मला वाटलं, जुनं काही आठवतं आहे. बाबा मला कधी फोन करत नसत, सातला मी करते हे ठरलेलं. "कधी?" मी विचारलं. त्यांना दिवस सांगता आला नाही. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि सोडून दिला. तो मांडीवर पडला.

मी माझा फोन काढून कॉलच्या यादीत मागे मागे जात राहिले. तो तिथे होता. सोमवार, सकाळी नऊ वाजून काही मिनिटं, बाबांकडून आलेला. बोलणं चार मिनिटं.

मग मला सगळं आठवलं, इतकं स्पष्ट, की ते इतके दिवस कुठे होतं कळेना. मी लॅबच्या जिन्यात होते. आदल्या दिवशीचा रविवार चुकला होता, तो पहिलाच. फोन उचलला आणि बाबांचं नाव पाहूनच ठरवलं की ते का आली नाहीस म्हणून विचारणार. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सुरू झाले. की बाबा, येणारच होते, पण पलीकडचा सेट बिघडला आहे, काहीच येऊन नाही राहिलं तिकडून, ही मुलगी लक्ष देत नाही, सर काय म्हणतील, पुढच्या रविवारी नक्की. चार मिनिटं. शेवटी म्हटलं, ठेवते, संध्याकाळी करते. "संध्याकाळी करते," तिकडून आलं होतं, आणि निरोप पोचला म्हणून मी निश्चिंत जिना चढून गेले होते. पहिले काही तास, डॉक्टर म्हणाले होते.

बाबा माझ्याकडे पाहत होते. कोणी माझ्या छातीवर गुडघा ठेवल्यासारखं झालं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला दुखलं, सरळ, जिथे दुखायला पाहिजे तिथे. खोटं बोलायची सोय नव्हती.

"हो बाबा," मी म्हटलं. "केला होता तुम्ही. मी आयकलं नाही."

"आयकलं नाही," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. हे माझंच परत आलं होतं की त्यांचं होतं, कळायला मार्ग नव्हता. विचारायचं म्हटलं तर माझ्या प्रश्नातच उत्तर गेलं असतं. म्हणून मी विचारलं नाही.